विद्यार्थी केंद्रस्थानी, संवाद हद्दपार

शिक्षणाच्या क्षेत्रात काही शब्द नाण्यांसारखे चालतात. ते खरे की खोटे, हे वाजवून पाहण्याची तसदी कुणी घेत नाही. 'विद्यार्थीकेंद्री शिक्षण' हे असेच एक चलनी नाणे. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ते देशभर पोहोचवले. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने त्यावर कायद्याची मोहोर उठवली. महाराष्ट्रात ते 'ज्ञानरचनावाद' या भारदस्त नावाने शाळाशाळांत फिरले आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही विद्यार्थ्यालाच केंद्रस्थानी मानले. सरकारे बदलली, मंत्री बदलले, पाठ्यपुस्तके बदलली. शब्द मात्र टिकून राहिला. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात साधनव्यक्ती ठासून सांगतात की, शिक्षकाने आता 'शिकवायचे' नाही, मुलाला शिकण्यासाठी केवळ साहाय्य करायचे. तो आता गुरू नाही, आचार्य नाही. तो 'सुलभक' आहे.

वरवर पाहता या भूमिकेला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. शाळा मुलासाठीच असते. छडीच्या धाकाने घोकंपट्टी करून घेणारा वर्ग कुणालाच नको आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना कायद्याने बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु इतकी वर्षे हा उद्घोष चालल्यानंतर एक साधा प्रश्न विचारायलाच हवा. नववी-दहावीच्या वर्गाचे दार बंद झाल्यावर शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात प्रत्यक्षात काय घडते? बहुसंख्य शाळांमध्ये या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की, शिक्षक सांगतो आणि विद्यार्थी उतरवून घेतो. घोषणा केंद्रस्थानाची, व्यवहार मात्र उतरवून घेण्याचा!

बाके गोलाकार मांडल्याने किंवा शिक्षकाला कोपऱ्यात उभे केल्याने विद्यार्थी केंद्रस्थानी येत नाही. ज्या क्षणी तो स्वतःचा प्रश्न विचारतो आणि त्याला दखलपात्र प्रतिसाद मिळतो, त्या क्षणी तो केंद्रस्थानी येतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : विषय जाणणारा शिक्षक, ऐकून घेण्यापुरता वेळ आणि दोघांना समान अवगत असलेली भाषा. विद्यार्थीकेंद्री शिक्षणाचा गजर जसजसा वाढत गेला, तसतशा या तिन्ही गोष्टी वर्गातून एकेक करून काढून घेण्यात आल्या, हे या काळातील शैक्षणिक ढोंगाचे खरे स्वरूप आहे.

तीस सेकंदांचा संवाद

शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील या देवघेवीला शिक्षणशास्त्रात 'आंतरक्रिया' म्हणतात. बी.एड.च्या अभ्यासक्रमात अमेरिकी अभ्यासक नेड फ्लँडर्स यांची आंतरक्रिया-विश्लेषणाची पद्धती शिकवली जाते. १९६०च्या दशकात रूढ झालेल्या या पद्धतीत निरीक्षक वर्गात बसतो आणि दर तीन सेकंदांनी, काय घडते आहे याची नोंद दहांपैकी एका रकान्यात करतो. त्यातले सात रकाने शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि दहावा 'शांतता किंवा गोंधळ' यांचा. वर्गातील दोन तृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असते आणि त्या बोलण्यातील दोन तृतीयांश वाटा शिक्षकाचा असतो, असे फ्लँडर्स यांना आढळले. हे चित्र अमेरिकेतील वर्गांचे होते.

शांतता आणि गोंधळ यांना एकाच रकान्यात कोंबणारी ही दृष्टीही पाहण्याजोगी आहे. विचारात गढलेल्या मुलाचे मौन आणि काहीच न कळलेल्या वर्गाचा गलका यांत फरक करण्याची गरज तिला भासली नाही. पुढे १९७०च्या दशकात मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच उत्तराची वाट पाहतात. ही वाट पाहणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले, तर मुले अधिक दीर्घ व अधिक विचारपूर्वक उत्तरे देतात आणि स्वतःही प्रश्न विचारू लागतात. मौनाचे मोल जाणणाऱ्या या देशाला ही गोष्ट परदेशी संशोधनातून कळावी लागली, याला काय म्हणावे?

परंतु ते तीन सेकंद तरी आणायचे कुठून? शहरातील अनुदानित शाळेच्या एका तुकडीत साठ मुले असणे ही नवलाची गोष्ट नाही. तासिका ३५ मिनिटांची. हजेरी, सूचना, वह्यांची आवराआवर यांत पाच मिनिटे गेली की उरतात ३० मिनिटे, म्हणजे १,८०० सेकंद. शिक्षकाने त्या तासिकेत तोंडातून चकार शब्द काढला नाही, तरी एका विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात ३० सेकंद! या अंकगणिताकडे पाठ फिरवून जे विद्यार्थीकेंद्री वर्गाची सुंदर चित्रे रंगवतात, त्यांनी एकदा तरी साठ मुलांसमोर उभे राहून दाखवावे. अशा वर्गात गट पाडले, तरी गटातील दोन हुशार मुले काम करतात आणि उरलेली चार त्यांच्या वहीतून उतरवून घेतात. पूर्वी फळ्यावरून उतरवत, आता शेजाऱ्याकडून. यालाच प्रगती म्हणायचे काय?

बाजारात मिळणारे 'स्वमत'

संख्येचे बंधन क्षणभर बाजूला ठेवले, तरी परीक्षेचे काय? महाराष्ट्रात दहावीच्या भाषाविषयांची प्रश्नपत्रिका आता 'कृतिपत्रिका' म्हणून ओळखली जाते. 'प्रश्न' हा शब्दच शीर्षकातून गेला, हा योगायोग असला तरी बोलका आहे. या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा भाग असतो. विद्यार्थ्याने उताऱ्यावर किंवा कवितेवर स्वतःचे मत मांडावे, ही त्यामागील कल्पना निश्चितच स्तुत्य आहे. तिचे झाले काय? नवी पाठ्यपुस्तके येताच स्वमताची तयार उत्तरे असलेली मार्गदर्शके दुकानांत आली. खासगी वर्गांनी ती उत्तरे मुलांकडून पाठ करून घेतली. परीक्षकाच्या हाती येणाऱ्या गठ्ठ्यात अनेकांचे 'स्वतःचे मत' शब्दशः एकच असते. मुलाचे स्वमतसुद्धा छापून विकणारी ही बाजारपेठ विद्यार्थीकेंद्री नसून ग्राहककेंद्री आहे.

हीच कथा मूल्यमापनाची. २०१०पासून राज्यात आठवीपर्यंत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. शिक्षकाने प्रत्येक मुलाचे बारकाईने निरीक्षण करून त्याच्याविषयी वर्णनात्मक नोंद करावी, ही अपेक्षा. लवकरच अशा नोंदींच्या तयार याद्या मिळू लागल्या आणि 'सहकार्याची भावना दिसून येते', 'वाचनात रस घेतो' अशी वाक्ये मुलाचा चेहरा न आठवताही प्रगतिपुस्तकात उतरू लागली. दोष एकट्या शिक्षकाचा नाही. साठ मुले, अनेक विषय आणि नोंदींचे ढीग समोर असतील, तर माणूस दुसरे काय करणार?

तोंडी परीक्षेची गत याहून वेगळी नाही. २०१९च्या दहावीच्या परीक्षेत भाषांसह काही विषयांचे शाळांतर्गत गुण वगळण्यात आले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला. गहजब झाला, गुण पूर्ववत करण्यात आले आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. त्या गुणांचा हेतू मुलाला बोलते करण्याचा होता. परंतु मूल काय बोलले, हे त्या वादात कुणी विचारले नाही. चर्चा झाली ती टक्केवारीची.

परंपरेवरील खोटा आळ

विद्यार्थीकेंद्री शिक्षणाच्या अनेक पुरस्कर्त्यांची एक आवडती मांडणी आहे. भारतीय परंपरा म्हणजे गुरूची एकाधिकारशाही, शिष्याचे आंधळे आज्ञापालन आणि पाठांतर. मुलाला वाचा फुटली ती पाश्चात्य विचारांमुळे! ही मांडणी करणाऱ्यांनी उपनिषदे उघडून पाहण्याचे कष्ट घेतलेले नसतात, एवढेच म्हणता येईल.

ज्या ग्रंथाचे नावच 'प्रश्न' आहे, असे एक उपनिषद या देशात आहे. सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषी त्यांना एक वर्ष तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धेने राहण्यास सांगतात आणि त्यानंतर हवे ते प्रश्न विचारण्याची मोकळीक देतात. आपल्याला ठाऊक असेल तर सर्व काही सांगू, असे ते म्हणतात. त्या 'तर'मध्ये गुरूची केवढी नम्रता आहे! तैत्तिरीय उपनिषदात वरुणाचा पुत्र भृगू ब्रह्म म्हणजे काय, असे विचारतो. पिता त्याला तयार उत्तर देत नाही. शोधाची दिशा देतो आणि तप करण्यास पाठवतो. भृगू अन्न हे उत्तर घेऊन येतो, पुन्हा जातो. प्राण, मन, विज्ञान अशा पायऱ्या चढत अखेर आनंदापर्यंत पोहोचतो. आज ज्याला शोधाधिष्ठित अध्ययन म्हणतात, ते यापेक्षा वेगळे काय आहे? छांदोग्यात उद्दालक आरुणी बारा वर्षे शिकून गर्वाने फुगलेल्या श्वेतकेतूला वडाचे फळ फोडायला लावतो, पाण्यात मीठ विरघळवून वरून, मधून आणि तळातून चाखायला लावतो. कृतियुक्त शिक्षणाचा याहून नेमका पाठ कोणत्या प्रशिक्षणवर्गात मिळेल? गीतेने ज्ञानप्राप्तीसाठी प्रणिपात आणि सेवा यांच्या जोडीने 'परिप्रश्न' सांगितला, आणि सारे सांगून झाल्यावर श्रीकृष्णांनी निर्णय अर्जुनाच्या विचारावर सोपवला.

या सर्व संवादांत एक सूत्र समान आहे. शिष्य मुक्तपणे विचारतो, परंतु गुरू आपले स्थान सोडत नाही. भृगूचा पिता बाजूला होत नाही. प्रत्येक वेळी मुलगा परत आला की तो तेथे असतो आणि पुढची दिशा दाखवतो. विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य आणि शिक्षकाचा अधिकार या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, हे या परंपरेचे सांगणे आहे. अधिकार छडीचा नव्हे, जाणतेपणाचा.

याच्याच जोडीने एक कटू सत्यही मान्य केले पाहिजे. या संवादाचे दार शतकानुशतके समाजातील सर्वांसाठी उघडे नव्हते. मोठ्या वर्गाला आणि स्त्रियांना ते बंद ठेवले गेले, आणि जो समाज प्रश्न विचारण्याचा अधिकार मूठभरांपुरता राखून ठेवतो, त्याची वैचारिक वाढ खुंटते. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी ते दार ढकलले, हे या भूमीतील मोठे धर्मकार्यच होते. उपनिषदांचा वारसा सांगायचा, तर तो शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारीही स्वीकारली पाहिजे.

पश्चिमेनेही काय सांगितले, हे येथील अनुयायी पूर्णपणे सांगत नाहीत. बालककेंद्री शिक्षणाचे आधुनिक आचार्य मानले जाणारे जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागोत प्रयोगशाळा सुरू केली. त्याच ड्यूईंनी १९३८ साली, शिक्षकाचे मार्गदर्शन नाकारणाऱ्या आणि प्रत्येक अनुभवाला शिक्षण समजणाऱ्या तथाकथित प्रगतिशील शाळांवर टीका केली. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन अभ्यासकांनी, नवशिक्या विद्यार्थ्यांना किमान मार्गदर्शन देऊन सोडून देणाऱ्या पद्धती का फसतात, याची सविस्तर मांडणी केली. आयात करायचीच होती, तर संपूर्ण करायची. ड्यूईंचा अर्धाच भाग घेऊन उरलेला सोयीस्करपणे विसरणे, ही वैचारिक गुलामगिरीची खूण आहे.

सुलभक कुणाला हवा आहे?

मग शिक्षकाला 'सुलभक' ठरवण्याची एवढी घाई का? कारण सुलभक स्वस्त पडतो. शिकवणारा शिक्षक हवा असेल, तर विषयातील चांगला पदवीधर निवडावा लागतो, त्याला सन्मानाचे वेतन द्यावे लागते, वाचनासाठी वेळ द्यावा लागतो. केवळ 'साहाय्य' करणारा माणूस मात्र कंत्राटावर मिळतो, तासिका तत्त्वावरही मिळतो.

महाराष्ट्राने नेमके हेच केले. शिक्षणसेवक योजनेत पहिली तीन वर्षे मानधनावर राबणाऱ्या माध्यमिक शिक्षकाला २०२३पर्यंत दरमहा ८,००० रुपये मिळत होते. ते त्या वर्षी १८,००० करण्यात आले. 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर शाळा वाटण्यात आल्या. त्यातील 'कायम' हा शब्द २००९मध्ये काढला गेला, तरी अशा शाळांमधील अनेक शिक्षकांनी अनुदानाची वाट पाहत वर्षानुवर्षे विनावेतन काढली. शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली. पण जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक ही तीन कामे वगळून! त्यात माहिती भरण्याची, छायाचित्रे पाठवण्याची, अहवालांची नित्य कामे मिळवली, की शिक्षकाच्या डोक्यात पुढच्या तासिकेचा विचार येणार कधी?

१८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि पुढे त्यांना येऊन मिळालेले गोपाळ गणेश आगरकर हे त्या काळचे तेजस्वी पदवीधर स्वेच्छेने शाळामास्तर झाले होते. त्यांच्यासमोर बसणाऱ्या मुलाला केंद्रस्थानी आणण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नव्हती. आज फिनलंडचे गोडवे गायले जातात. तेथे शाळेतील शिक्षकाला पदव्युत्तर पदवी लागते, हे मात्र हळूच गाळले जाते. आपल्याकडे काही संस्थांमध्ये नोकरीसाठी 'देणगी' मोजावी लागते, हे उघड गुपित आहे. पैसे मोजून आलेला शिक्षक मुलाचा प्रश्न ऐकण्यास उत्सुक असेल, ही अपेक्षा भाबडेपणाची आहे.

प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचा?

तिसरी गोष्ट भाषेची, आणि येथे मध्यमवर्गाला स्वतःच्या दारात उभे राहून उत्तर द्यावे लागेल. मूल 'का?' हा प्रश्न प्रथम ज्या भाषेत विचारते, ती त्याची मातृभाषा असते. शिक्षणहक्क कायद्याने शक्यतो मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले. २०२० च्या धोरणाने किमान पाचवीपर्यंत आणि शक्य असल्यास आठवीपर्यंत व पुढेही मातृभाषेचा आग्रह धरला. परंतु महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांनी आपला निर्णय केव्हाच घेतला आहे. मराठी शाळांच्या तुकड्या कमी होत आहेत, आणि ज्या टिकल्या, त्यांतही गणित व विज्ञान 'सेमी-इंग्रजी'तून शिकवले जाते.

अशा वर्गातील चित्र कुणीही पाहावे. प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा इंग्रजीत वाचला जातो, स्पष्टीकरण अर्धे मराठीत होते आणि उत्तर इंग्रजीत पाठ करून लिहायचे असते. मुलाला शंका येते, पण ती इंग्रजीत मांडता येत नाही. मराठीत विचारली, तर हसे होण्याची भीती वाटते. शिक्षकाचीही तीच अडचण असते. मग दोघेही सुरक्षित मार्ग स्वीकारतात : एकाने वाचायचे, दुसऱ्याने अधोरेखित करायचे. जो प्रश्न विचारूच शकत नाही, त्याला केंद्रस्थानी बसवले आहे असे म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. इंग्रजी ही भाषा म्हणून उत्तम शिकवावी. परंतु विचार करण्याचे साधन मुलाच्या हातातून काढून घेऊन नव्हे.

आपल्या अंगणात काय?

शासनावर आणि डाव्या शिक्षणपंडितांवर टीका करून समाजाची सुटका होत नाही. २०००चा अभ्यासक्रम आराखडा असो वा २००५चा, पाठ्यपुस्तकात काय छापावे यावर दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे रण माजले. छापलेले पान वर्गात कसे शिकवले जाते, याची चिंता मात्र फारच थोड्यांनी केली. विद्या भारतीच्या शाळांमध्ये दीर्घकाळ वापरात असलेली अधीती, बोध, अभ्यास, प्रयोग आणि प्रसार ही 'पंचपदी' २०२३ च्या शालेय शिक्षण आराखड्यात 'पंचादी' या नावाने आली, याचा आनंद स्वाभाविक आहे. तथापि शिक्षकाची स्थिती बदलली नाही, तर ज्ञानरचनावादाच्या तक्त्याशेजारी पंचादीचा आणखी एक तक्ता लागेल, इतकेच. स्वदेशी घोषणाही पोकळ होऊ शकते.

पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी स्थापलेल्या ज्ञान प्रबोधिनीने प्रकल्प आणि चर्चा यांतून माध्यमिक वयाच्या मुलांना विचारप्रवृत्त करता येते, हे दाखवून दिले. तेथील शाळेत विद्यार्थी निवडून घेतले जातात, हे खरे. म्हणूनच पुढचे आव्हान साध्या, बिनानिवडीच्या शाळेत ते करून दाखवण्याचे आहे.

हे आव्हान पेलायचे असेल, तर काही गोष्टी कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता करता येतील. शाळा चालवणाऱ्या संस्थांमध्ये जे कार्यकर्ते आहेत, त्यांनी शिक्षकांच्या नेमणुकीत देणगीला आणि वशिल्याला थारा न देण्याचा निर्धार करावा. शक्य तेथे तुकडी लहान ठेवावी. निदान आठवड्यातून एक तासिका केवळ मुलांच्या प्रश्नांसाठी राखावी. ज्या शिक्षकाला उत्तर ठाऊक नसेल, त्याने पिप्पलादाप्रमाणे तसे सांगण्याची आणि दुसऱ्या दिवशी शोधून येण्याची मुभा त्याला असावी. पालकांनी घरात 'उलट बोलू नकोस' या एका वाक्यावर प्रत्येक शंका मारून टाकण्याची सवय सोडावी, आणि खासगी वर्गाच्या शुल्काचा आकडा अभिमानाने सांगण्यापूर्वी मुलाने या महिन्यात शाळेत एक तरी प्रश्न विचारला काय, याची चौकशी करावी. गुरुपौर्णिमेला गुरूंचे पूजन करायचे आणि वर्षभर मुलाच्या शिक्षकाला 'त्याला काय येते?' म्हणून हिणवायचे, हा दुटप्पीपणा थांबला पाहिजे.

राष्ट्राची उभारणी आज्ञाधारक उतरवणाऱ्यांच्या बळावर होत नाही आणि दिशाहीन कोलाहलातूनही होत नाही. ती होते निर्भयपणे विचारणाऱ्या शिष्यांच्या आणि निर्भयपणे उत्तर देणाऱ्या आचार्यांच्या बळावर. विद्यार्थ्याला केंद्रस्थानी आणण्याचा मार्ग शिक्षकाला वर्गात त्याचे स्थान परत देण्यातूनच जातो. ते स्थान परत देण्याची सुरुवात समाजालाच करावी लागेल.